सोमवारची डोकेदुखी

दर सोमवारी अण्णांचं डोकं फुटायचं.
खडकीहून निघून हॅरिस पूल
सायकल हातात धरून चालत पार करायचे,
दापोडीला दारातच बसकण मारायचे.
आई ओला पंचा द्यायची.
मंगळवारी कमी. बुधवारी विचारलं तर
"कसली डोकेदुखी?" म्हणत पत्ते पिसायचे.

कारखान्यात ते जे कालवायचे
ते तेलकट, गोडसर,
हातमोज्यातूनही कातडीत उतरणारं.
रविवारी सुट्टी. रविवारी छातीत कळ.
मुदलियारकाका रविवारीच गेले,
हातात पिशवी, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या.
तेव्हापासून अण्णा सुट्टीच्या दिवशीही
कामावरची टोपी घालून घरात बसायचे.
टोपीच्या पट्टीत ते तेल मुरलं होतं.
आम्ही हसायचो.

आता पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्यापुढे तेच तेल,
थेंबाच्याही हजाराव्या हिश्श्याइतकं,
आणि बर्फात ठेवलेलं एक विकर.
त्याला गंधकाचा एक हात आहे.
त्या हाताने ते तेलाची गाठ सोडवतं;
आतून निघतं त्याचा शेवटी वायू होतो,
दोनच अणूंचा, घटकाभरही न टिकणारा,
आणि शीर सैल पडते.
डोक्यातली पडली की अण्णा दारात.
छातीतली पडली की अण्णा जिवंत.

पण गाठी सोडवता सोडवता हात भाजतो.
गंधक शेजारच्या गंधकात अडकून बसतं.
विकर तिथंच असतं, वजन तेच, घडण तीच,
नुसतं काम करत नाही.
पडद्यावर चढत गेलेली रेघ आडवी होते.
माझ्या आलेखात बुधवार
अकराव्या मिनिटाला येतो.

मग मी त्यात कुजक्या वासाचं ते औषध घालते.
शबाना नाक दाबून खिडकी उघडते.
रेघ उठते. पुरती नाही.
"किती परत आलं?" सर विचारतात.
"बासष्ट टक्के."
उरलेल्या अडतिसांसाठी वहीत रकाना आहे.
त्यात मी "कायमचं" असं लिहिते,
मग खोडून "अपरिवर्तनीय" लिहिते.

अण्णा आता ब्याऐंशीचे.
छातीवर औषधाची पट्टी, आत पुन्हा तेच तेल.
डॉक्टर म्हणाले, रात्री काढत जा,
शरीराला सुट्टी लागते, नाहीतर औषध लागू पडत नाही.
हे मला कुणी सांगायला नको होतं.
पण अण्णांनी सुट्टीत
माणूस गेलेला पाहिलाय.

रात्री दहाला मी पट्टीची कड नखाने उचलते.
ते मनगट धरतात.
"उद्या वार कुठला?"
उद्या गुरुवार आहे.
"सोमवार," मी म्हणते.
"मग काढ."