पुरुमेंत

मे महिन्यात आमच्या बेटावर सगळे साठवतात:
मीठ, सोलां, सुके बांगडे, मिरच्यांच्या माळा,
चार महिने पुरतील एवढी लाकडं.
एस्मेराल्दाबाईंच्या पुरुमेंतात
दूधपावडरीचा एक डबाही असायचा,
बुडाला खिळ्याने पाडलेली सात भोकं,
आत चिऱ्याचा चुरा, थोडी वाळू
आणि बोटाएवढ्या अकरा काड्या.

त्यांच्या गडग्यावर पसरलेलं ते ऑफिसटाईम
मी एकतीस वर्षं फेरीबोट गाठताना पाहिलं,
मिटलेलंच.
मी साडेआठला निघायचो, ते दहाला उघडायचं.
संध्याकाळी परत येईतो
तेही सही करून घरी गेलेलं.
निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी कळलं
की दाराशी रोज एवढा रंग होता:
राणी, पिवळा, भगवा,
आणि एकच पांढरा,
नार्व्याच्या कुणा मावशीकडून लग्नात आलेला.

त्याला खडकावर टाका, बकरीला तुडवू द्या,
एप्रिलात आठवडाभर विसरा,
ते वीतभर पुढेच सरकतं.
मरतं फक्त आमच्या पावसाने.
जूनच्या पंधरा दिवसांत
दोरीसारखे देठ पेजेसारखे होतात.
म्हणून डबा.

"हांव धुवेगेर वतां, स्विंडनाक," त्या म्हणाल्या.
"उदक घालूं नाका.
पंदरा दिसांनी एक कुलेर, पुरो.
चड माया केल्यार मरतलें."
मी निळ्या दांड्याचा चमचा बाजूला काढून ठेवला.

जुलैत सगळ्यावर बुरशी धरली,
चपलांवर, पेन्शनच्या पुस्तकावर,
भिंतीवरच्या सासऱ्यांच्या डाव्या गालावर.
डब्यात तेवढं मी वाळवंट राखलं.
ढगाला भोक पडलं
की डबा पायरीवर.
सर आली की आत.
पुन्हा पायरीवर.
बायको म्हणाली,
ऑफिसात फायली अशा हलवल्या असत्या तर...
आणि भाताकडे बघायला गेली.

तीन काड्या कुजल्या. एक गोगलगाईने नेली.
सात राहिल्या, सातही हिरव्या.
हिरव्यात कळत नाही
यातलं पांढरं कोण होतं,
की ते त्या चारांत गेलं.

दिवाळीच्या आधी
गडग्याच्या खाचांत माती कोंबून लावल्या.
आठवड्याने देठ आडवे झाले.
यांचं उलटं असतं,
आडवे पडले की समजायचं, उभे राहिले.

त्या ऑक्टोबरात परतायच्या होत्या.
मग गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं,
मग लेक म्हणाली, आता थंडी इथेच काढ.
फोनवर तक्रार करतात:
हीटरशेजारी खुर्ची घातली आहे,
खिडकीत ऊन आलं की ती खुर्ची तिकडे सरकवते,
गेलं की पुन्हा हीटरपाशी.
दर दोन तासांनी काहीतरी प्यायला.
"चड माया करता गो," म्हणतात.
मी काही बोलत नाही.

आज पावणेदहाला फोन आला.
तिथे सव्वाचार, मिट्ट काळोख.
झोप नव्हतीच, म्हणाल्या,
पहिली कळी धरल्याचं काल मीच सांगितलेलं.
"कसलो रंग?"

कळीच्या टोकाशी रंग आधीच दिसतो,
पण मी चष्मा मुद्दाम घरात ठेवून आलो होतो.
थांबा, म्हटलं,
ऑफिस अजून उघडलं नाही.

त्या थांबल्या.
फोनमधून हीटरची घरघर,
इकडे धक्क्यावर फेरीबोटीची साखळी,
आणि ऊन गडग्याच्या
तिसऱ्या चिऱ्यावर.