गाईंच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये

ओबरयोखची वळणं उतरलो तेव्हा
कशाचीच तक्रार नव्हती.
सत्तरच्या वेगात शाफ्टची गाडी म्हणजे
रेशमातून सुई, असं कोर्बिनियान म्हणायचा,
आणि होतंही तसंच:
साखळी नाही, पोटऱ्यांवर तेलाचे शिंतोडे नाहीत,
मागच्या चाकापर्यंत एक झाकलेला पोलादी दांडा.
आत काय चाललंय
ते कोणाला कळायचं कारण नाही.

हिंडेलांगच्या अलीकडे रस्ता गाईंनी भरला.
सप्टेंबर. वरची कुरणं संपली, गुरं खाली निघाली,
गळ्यात घागरीएवढ्या घंटा.
सगळ्यात पुढच्या गाईच्या डोक्यावर
यंदा फुलांचा मुकुट नाही.
म्हणजे डोंगरात या उन्हाळ्यात कोणीतरी गेलं,
माणूस किंवा वासरू.
गुराख्याला आम्ही विचारलं नाही.

पहिला गिअर. गाईचा वेग.
मूठ जरा पिळली की टक्,
सोडली की टक्.
गाडी झेपावते, मग काहीतरी विसरल्यासारखी थबकते,
आणि दर खेपेला मागून त्याचं हेल्मेट
माझ्या हेल्मेटवर.

बेचाळीस वर्षं लोकांच्या गाड्या खोलणारा माझा भाऊ
स्वतःच्या गाडीवर आज पहिल्यांदाच मागे बसलाय.
डावा हात मांडीवर.
फेब्रुवारीपासून तो हात
ठेवाल तिथे राहतो.

"वाल्बुर्गा, चालवतेस की लोणी घुसळतेस?"

"तुझीच गाडी आहे. बिघडलीय."

"बिघडलेली नाही. गिअरबॉक्समध्ये फट असते,
दांड्याच्या सांध्यात असते, मागच्या दातेरी चाकात असते.
केसाकेसाएवढी.
सगळ्यांची बेरीज तुझ्या बुडाला कळते, इतकंच."

"मग बुजवायची."

"बुजवली की दात तापतात,
एकमेकांत रुतून बसतात.
फट लागतेच."

एक म्हातारी गाय वळून आमच्याकडे बघते.
आम्हीही तिच्यामागे असेच, मान हलवत.

अकरा वर्षं आम्ही भेटलो ते नाताळात,
सत्तरच्या वेगात:
बर्फ किती, गुडघा कसा, मुलं कुठे,
आणि पुढच्या वर्षी नक्की.
वडिलांच्या कुरणाचं नाव कोणी काढलं नाही.
तिथे आता स्की करणाऱ्यांच्या गाड्या लागतात.
सही त्याची होती.
माझी मागितली नव्हती.

"उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबून ठेव.
नखभर. आणि मूठ मिटू नकोस."

"दोन्ही एकदम?"

"इंजिनाने ओढायचं, ब्रेकने धरायचं.
मग दात एकाच बाजूला टेकून राहतात,
इकडून तिकडे आपटत नाहीत."

केलं. पाऊल थरथरलं, क्लचने बोटं भरून आली,
गुळगुळीत गेलो
पाचसहा गाईंइतकं अंतर.
मग एकीने मध्येच थांबून शेपटी वर केली,
मी घाबरून मूठ सोडली.
टक्.

तेवढ्यात तो काहीतरी बोलला.
घंटांच्या कल्लोळात मला एकच शब्द लागला: कुरण.
या गाईंचं म्हणत असेल.
दिशा दाखवत असेल.
"काय?" असं विचारता आलं असतं,
हेल्मेटची काच वर करून.
मी नखभर ब्रेक दाबला
आणि मूठ तशीच धरून ठेवली.

गावाच्या तोंडाशी गुरं मैदानात वळली.
शेणाने हिरवा झालेला मोकळा रस्ता.
दुसरा टाकता आला असता, तिसराही.
मी पहिल्यातच राहिले, चर्चपर्यंत,
बेकरीपर्यंत, त्याच्या फाटकाच्याही पुढे थोडी.

हेल्मेट आपटलं नाही.
पाठीशी काहीतरी जड टेकलेलं होतं,
ते हललं नाही.

"गुटके झिजवशील," तो म्हणाला, बऱ्याच वेळाने.