उशीरचिठ्ठी

सकाळी सात दहाला अण्णा शाळेच्या फाटकाशी उभे,
हातात गुलाबी चिठ्ठ्यांचं पुस्तक.
पर्वतीपायथ्याला सायकलची चेन पडली, म्हटलं,
तरी मुख्याध्यापक फणसळकरांनी
'कारण' या रकान्यात लिहिलं: निष्काळजीपणा.
पोटच्या मुलीलाही सूट नाही.

संध्याकाळी मात्र
बाह्या दुमडून अंगणात बसले,
चेनला तेल घातलं,
काळ्या बोटांनीच थालीपीठ खाल्लं
आणि आईची बोलणीही.

निवृत्तीनंतर सोसायटीच्या नोटिसा तपासायचे, लाल पेनानं.
वॉचमनच्या पोराकडून पावकी, निमकी घोकून घ्यायचे.
पोरगं चुकलं की स्वतःच लाजायचे.

त्या पहाटे दादाचा फोन आला, मी नाशिकहून निघाले.
चाकणला ट्रक आडवा. दीड तास.
पोचले तेव्हा
वॉर्डातली चादर बदलून झाली होती.

आज खणात ते पुस्तक सापडलं,
शेवटची तीन पानं कोरी.
एकावर नाव लिहिलं. इयत्ता सोडून दिली.
कारण: चाकणचा ट्रक.

मागचे दोन्ही रविवार
'येते' म्हणाले होते, अण्णा.

ट्रक खोडला.
निष्काळजीपणा.
पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ,
बघा बरं.