विषय क्रमांक सात

सभेचं इतिवृत्त लिहिते, एवढंच माझं काम.
विषय सहा: डेरिंग ओढ्यावरची वाहून गेलेली मोरी.
विषय आठ: रस्त्यावर टाकायचं मीठ, यंदा महागलेलं.
मधे सात. अकरा हजार चारशे डॉलर,
तातडीच्या उपचारांचं शिक्षण, बारा जणांना,
निम्मे राज्याचे, निम्मे आपल्या पट्टीतले.

इथून इस्पितळ एक्क्याण्णव मैल.
गवताच्या टेकड्या, मग गवताच्याच टेकड्या,
मग एक पेट्रोल पंप, तोही रात्री बंद.
नेब्रास्काच्या नकाशावर आम्ही पुसटच.
अँब्युलन्स आहे, दिवे लागतात तिचे,
चालवायला माणूसही आहे.
मागे बसून काय करायचं हे ज्याला यायचं
तो ऑर्विन कूट्स
मार्चमध्ये लेकीकडे राहायला गेला.

एल्डन व्रबा म्हणाला,
"माझ्या बापाच्या वेळी कोण शिकलं होतं?"
कुणी बोललं नाही.
त्याचा बाप कसा गेला ते सगळ्यांना ठाऊक,
भर दुपारी, गवत बांधायच्या यंत्राशेजारी,
डबा नुकताच उघडलेला.
मी लिहिलं: चर्चा झाली.
बाजूने तीन, विरोधात दोन.
दोनातला एक एल्डन.

जानेवारीपासून दर मंगळवारी, बंबाच्या शेडमध्ये.
बंब बाहेर थंडीत,
आत फरशीवर आम्ही:
स्कूलबसवाली लोरीन, पोस्टमास्तर,
बारावीतली दोन पोरं, मी, आणखी काही.
मधोमध रबरी माणूस, कमरेपर्यंतच.
पायांपुरते पैसे मंजूर झाले नसणार, लोरीन म्हणाली.
तळहात छातीच्या मध्यावर, कोपर ताठ,
तीस दाब, दोन श्वास.
नीट बसलं की आतून टक् वाजतं.
माझं पहिल्या दिवशी वाजलंच नाही.
"जोर लावा," शिकवणारी म्हणाली,
"बरगडी मोडली तर मोडू दे. बरगडी जुळते."

तिसऱ्या मंगळवारी एल्डन आला.
टोपी हातात धरून दारातच घुटमळला,
मग खोगिराखालची घोंगडी फरशीवर टाकली.
"पैसे तर गेलेच," म्हणाला, "निदान वसूल करू."
आणि गुडघे कुरकुरत टेकले,
हातावर हात.
टक्.
टक्.
टक्.
तीस झाले तरी थांबेना.
शिकवणारीने घड्याळ पाहिलं, बोलली नाही काही.
आम्हीच मोजत राहिलो, एकतीस, बत्तीस.

मे महिन्यात टेड हॉर्नुंगच्या गोठ्यात पोचलो,
एकोणीस मिनिटांत.
आळीपाळीने दाबलं, एल्डन, लोरीन, मी.
टेड गेला.
आठवड्याने त्याच्या बायकोने जाम पाठवला,
नऊ बाटल्या,
प्रत्येकीवर एकेकाचं नाव, माझं चुकीचं लिहिलेलं.

जूनमध्ये राज्याचा फॉर्म आला.
प्रशिक्षित व्यक्ती: नऊ. तिघं गळाली.
वाचलेले जीव:
पेन धरून बसले बराच वेळ,
मग शून्य लिहिलं, ठळक.

पुढच्या सालची विषयपत्रिका मीच टाइप केली.
सातवरचा विषय उचलून एकवर घेतला.
कुणी विचारलं नाही अजून.
मोरी तशीच आहे.