वसूल

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
केर्स्टी म्हणते, आता लोक घरात बसतील,
खेळतील.

आमचा खेळ दीड तासाचा.
फेरीबोटीवरची एक तिकीट तपासनीस,
तिला सापडलेला डाव्या हाताचा हातमोजा,
आणि बेटावरची सात घरं.
बंदूक नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही.
दारं वाजवायची, ऐकायचं,
कोण थाप मारतंय ते ओळखायचं.
आवाज सगळे मी केलेले.
बर्फातले बूट म्हणजे बटाट्याच्या पिठाची पिशवी,
बोटीचं इंजिन म्हणजे आमचं कपडे धुण्याचं मशीन.
तीन वर्षं लागली. किंमत चार युरो.

चारच का, यावर दोन आठवडे भांडलो.
तीन लावले तर आपणच आपल्याला हलकं केलं,
पाच लावले तर लोक तास मोजणार:
दीड तासाला पाच? त्या दुसऱ्यात तर चाळीस तास मिळतात!
जणू गोष्ट म्हणजे कापड,
मीटरवर फाडून द्यायचं.

केर्स्टीची आई हेल्वे औषधांच्या दुकानात असते.
बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, संडासातसुद्धा
ती रंगीत फळं जुळवते. फुकट आहे, म्हणते.
फुकट!
जीव संपले की नव्वद सेंट.
केर्स्टीनं एकदा हिशेब मांडून दाखवला:
वर्षाला एकशे सतरा युरो,
सगळे जिवावर गेलेले.
"पण ते एकदम जात नाहीत गं," हेल्वे म्हणाली,
"कळत नाही ना."

आमचा पहिला भागही फुकट.
तो ती आमच्याच सोफ्यावर खेळली, चष्मा कपाळावर सारून.
चौथ्या दारापर्यंत आली.
आतून एक बाई म्हणते, तो हातमोजा मीच विणलाय,
आणि पडद्यावर: चार युरो.
तिनं फोन पालथा ठेवला.
"छान आहे. माझी बस चुकेल."

रात्री पावणेबाराला तिचा फोन.
"विणला तिनं, तर मग उजवा कुठंय?"
केर्स्टीनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.
"आई, चार युरो."
"अगं, मी तुझी आई आहे!"
मग केर्स्टी सांगत बसली,
पाचवं दार, सहावं,
सातव्याशी तिचा आवाज खाली आला
आणि पलीकडचा हेल्वेचा श्वास थांबलेला
मला इकडे ऐकू आला.
असली शांतता
तीन वर्षांत मला रेकॉर्ड करता आली नव्हती.

शुक्रवारपर्यंत विक्री अकरा.
त्यात सहा ओळखीचे, एकानं पैसे परत मागितलेले.
शनिवारी हेल्वे आली
भोपळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन.
"पैसे देणार नाही, सवय लागेल तुम्हाला."
बूट काढता काढता म्हणाली,
"आणि त्या तपासनिसाचं पुढे काय झालं?"
"संपली गोष्ट."
"अशी कशी संपेल?"

मी तक्त्यात लिहिलं: दहा.
खालच्या ओळीत: बरणी, एक.
झाकण अजून
कुणालाच उघडलेलं नाही.