निवलेलं पाणी

रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर जूनमध्ये
गार नळाखाली हात भाजतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
आपण दोघं रात्री.

काल सुरुवात विमानाच्या तिकिटांवरून.
मग तुझी आई, माझी आई,
मग एकदम एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
तू भिंतीकडे वळलास.
दोघांच्या वतीनं एसी बोलत राहिला.

पहाटे बाथरूममध्ये
निळी बादली काठोकाठ,
वर पोळ्यांची परात झाकलेली,
पाणी रात्रभर निवलेलं.

सत्तावीस वर्षांत तू
एकदाही गजरा आणला नाहीस, हेरंब.

पहिला तांब्या खांद्यावरून ओतला
आणि अंगावर शहारा आला.
जूनमध्ये, मस्कतमध्ये!

भांडणाआधी भरलीस की नंतर?
विचारणार नाही.
अर्धी ठेवलीय तुला.
तेवढी परात धुऊन ठेव.