ऱ्हस्व-दीर्घ

कात्री दुकानातून परत आली,
खोक्यात, तक्रारीच्या चिठ्ठीसकट.
पात्यावर तांबूस लंबगोल.
गॉर्डननं तो भिंगाखाली धरला,
मग काही न बोलता माझा अंगठा मागितला.
जुळला.

शेफील्डमधल्या या शिंपीकात्र्यांच्या कारखान्यात
माणसं सहा. मी तपासणीला.
आणि गंज माझा.

बाहेर जानेवारी, काचेवर आतून बर्फाची साय,
सगळ्यांच्या तोंडून वाफा निघतायत
आणि माझ्या तळव्यांत मात्र
बार्शीचा वैशाख.

निढळाचा घाम असता तर मान होता.
कपाळावरून गळला की ती कष्टाची भाकर.
तळहाताच्या घामाला विचारतात फक्त,
घाबरलीस का गं?
घाबरले नव्हते. म्हणजे, आधी नव्हते.
बोर्डाच्या पेपराला मनगटाखाली रुमाल होता,
तरी बीजगणितात निळं तळं झालं,
तळ्याकडे बघून मग घाबरले,
मग आणखी पाणी.
यातलं आधी कोण,
ते समीकरण अजून सुटलेलं नाही.

लग्नात भटजी म्हणाले, पाणिग्रहण.
पाणि म्हणजे हात, णि ऱ्हस्व,
शुद्धलेखनात मी पहिली असायची.
माझ्यापाशी तो दीर्घच निघाला.
श्रीरंगनं हात धरला, सोडला,
आणि हळूच धोतराला पुसला.
मला ते दिसलं नाही,
असं एकवीस वर्षं चाललंय.

"माझ्या बापाचे हात असेच,"
गॉर्डन कात्रीला तेल लावत म्हणाला.
"पोलादावरून उचलून त्याला खोकी भरायला बसवला.
घरी चमचासुद्धा पुसून ठेवायचा,
आम्हाला वाटायचं, फार टापटिपीचा.
तू डॉक्टरकडे जा."
एवढं बोलून त्यानं रेडिओ मोठा केला.

आधी बाटली मिळाली, रात्री लावायची.
वर सूचना: हात पूर्ण कोरडे करून मगच लावा.
मी स्वयंपाकघरात एकटी
मोठ्यानं हसले.

मग सिस्टर ओकाफोर.
तिनं आजाराचं ग्रीक नाव सांगितलं,
माझ्या आडनावाएवढं लांब.
"मज्जातंतू उगीच जास्तीचे हुकूम सोडतात.
पुरतं जाणार नाही, आवरता येईल.
आणि हा काही तुझा स्वभाव नाही."
परतीच्या बसमध्ये शेवटचं वाक्य
मी मराठीत करून पाहिलं.
कोणाच्या तरी तोंडी घालून पाहिलं.
आईच्या. बीजगणिताच्या बाईंच्या.
नीट बसेना.

दोन पसरट ट्रे, नळाचं पाणी,
इथलं पाणी मऊ, म्हणून चिमूटभर खायचा सोडा,
जसा आपण भज्यांत टाकतो.
अंगठी काढून ठेवायची.
पाण्यातून बारीक वीज, वीस मिनिटं,
बोटांना मुंग्या, मनगटाशी चावरी रेघ,
आणि नेमकं तेव्हाच नाक खाजतं.
ओलाव्यावर उतारा म्हणून
हात पाण्यात बुडवून बसलेली बाई:
हे गावी फोनवर सांगितलं तर
म्हणतील, कोणी करणी केली का?

नवव्या खेपेला तळवे
कागदासारखे वाजले एकमेकांवर.
गॉर्डननं पुसलेलं पातं पुढे केलं,
मी अंगठा टेकवला,
आठवडाभर ते खिडकीत पडून होतं.
शुक्रवारी पाहिलं. अगदी फिकट कड,
चहाच्या कपाखालची असते तशी, अर्धी.
"चालेल," तो म्हणाला. "पण मोजे घालत जा."

शनिवारी बाजारात
वांग्यांसाठी पातळ पिशवी ओढली
आणि ती उघडेचना.
चोळली, फुंकली,
मागे रांग थांबलेली, श्रीरंग टोपली घेऊन.
इतकी वर्षं एका स्पर्शात उघडायच्या,
घरातल्या सगळ्या पिशव्या, नोटा, वह्यांची पानं
माझ्याकडेच यायची,
हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

शेवटी चारचौघींसारखं
बोट जिभेला लावलं.
श्रीरंगला दाखवलं, बघ.
त्यानं पिशवी घेतली, बोट नाही.
वांगी निवडत म्हणाला,
काटेरी देठाची घे, ताजी असतात.